मी आहे तिथेच आहे की जास्तच बदलतेय?

प्रश्न: ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरून रोज येऊन-जाऊन करते, एका बाजूला दीड तास लागतो. लेक्चर संपलं की थेट घर. दीड वर्ष झालं पण बेंचवरच्या दोघी सोडल्या तर मला नावाने कुणी ओळखत नाही. शाळेतली माझी जवळची मैत्रीण हॉस्टेलला गेली, ती आता स्टेजवर बिनधास्त बोलते, एकदम वेगळीच झालीये, आणि मी आहे तिथेच. वर्गात प्रश्न विचारायचा असतो पण सगळे बघतील म्हणून हात वर होत नाही. दादा म्हणतो प्रवासात वेळ घालवण्यापेक्षा घरी बसून ऑनलाइन डिग्री कर, कागद तोच मिळतो. उलट बाबा म्हणतात कॉलेजला जायला लागल्यापासून तू उलट बोलतेस, परवा खूप वाद झाला. आणि आधी मला प्रत्येक गोष्टीवर ठाम मत असायचं, आता दोन सर दोन विरुद्ध गोष्टी सांगतात आणि मला दोन्ही पटतात, डोक्याचा भुगा होतो. कॉलेजने माणूस घडतो म्हणतात ते खरं असतं का? मी घडतेय का बिघडतेय तेच कळत नाहीये.

उत्तर:

अगं, तू पत्रात दोन तक्रारी केल्यास आणि त्या दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत. एकीकडे म्हणतेस मी आहे तिथेच आहे, आणि दुसरीकडे म्हणतेस बाबांना मी वेगळी वाटायला लागले, माझी जुनी ठाम मतं राहिली नाहीत. आहे तिथेच असलेल्या माणसाची मतं हलत नाहीत गं. म्हणजे बदल चालू आहे, फक्त तो तुला जिथे दिसायला हवा होता, स्टेजवर, फोटोत, मैत्रिणींच्या घोळक्यात, तिथे दिसत नाहीये आणि जिथे खरंच होतोय तिथे तुला तो बिघाड वाटतोय. म्हणून मी आधी त्या दोन सरांचंच घेते, कारण मला विचारशील तर पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि तू ती शेवटी जाता जाता टाकलीयस.

हार्वर्डला विल्यम पेरी म्हणून एकजण होते, विद्यार्थ्यांना अभ्यासाबाबत सल्ला देणारं केंद्र तिथे ते चालवायचे. 1950 आणि 60 च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक काम केलं, दरवर्षी वर्ष संपताना त्याच त्याच मुलांना बोलावून विचारायचं की या वर्षात तुला काय महत्त्वाचं वाटलं, आणि मग मुलगा बोलेल ते ऐकायचं. पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतची एकेका मुलाची बोलणी त्यांनी सलग लावून पाहिली आणि 1970 मध्ये त्यातून काय दिसलं ते छापलं. साधारण असं की मूल कॉलेजात येतं तेव्हा त्याची समजूत असते की प्रत्येक प्रश्नाला एक बरोबर उत्तर असतं, ते सरांना माहीत असतं, आपण लिहून घ्यायचं आणि पेपरात उतरवायचं. मग दोन सर दोन उत्तरं देतात. आधी वाटतं यातल्या एकाला नीट येत नसणार. मग वाटतं की सरांना माहितीये पण आपल्याला शोधायला लावतायत. मग एक वेळ अशी येते की जाऊदे, ज्याचं त्याचं मत, सगळ्यांचंच बरोबर. आणि त्याच्याही पुढे कधीतरी हे लक्षात येतं की सगळी मतं सारख्या वजनाची नसतात, कुठल्या मताला किती आधार आहे, ते कुठे लागू पडतं आणि कुठे नाही हे तपासता येतं, आणि तपासून झाल्यावर शंभर टक्के खात्री नसतानासुद्धा आपण एक बाजू घ्यायची असते आणि घेतली की निभवायची असते.

आता तू मला सांग, यात तू कुठे आहेस? तुला दोन्ही पटतात ना, म्हणजे तू या प्रवासाच्या बरोब्बर मधे आहेस. आणि मधला भाग त्रासाचाच असतो, पेरींना भेटलेली मुलंही या टप्प्यावर गोंधळायची, काही जण तिथेच वर्षभर अडकायची, काही तर घाबरून मागे, एकच उत्तर असतं या जुन्या समजुतीवर परत जायची. म्हणून सांगते, घाईघाईत एका सरांना बरोबर ठरवून मोकळी होऊ नकोस. त्याच्यापेक्षा प्रश्न बदल. कोण बरोबर असं विचारण्यापेक्षा हे कशावरून म्हणताय असं विचार. समजा एक सर म्हणाले किमान वेतन वाढवलं की नोकऱ्या कमी होतात आणि दुसरे म्हणाले तसं काही होत नाही, तर बघायचं की कुणी किती वाढवलेलं धरलंय, कुठल्या धंद्यातलं बोलतायत, वाढवल्यावर सहा महिन्यांनी मोजलं की पाच वर्षांनी मोजलं. बऱ्याचदा दिसतं की दोघं वेगवेगळ्या परिस्थितीबद्दल बोलत होते आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. कधी दिसतं की एकाचा पुरावा खरंच लेचापेचा आहे. हे शोधायला जे डोकं लागतं ना, ते तयार होणं म्हणजेच ज्याला लोक कॉलेजने माणूस घडतो म्हणतात त्यातला मोठा वाटा आहे, निदान माझ्या मते तरी. स्टेजवर बोलणं चांगलंच आहे पण काय बोलायचं हे इथून येतं.

एक आहे, पेरींच्या अभ्यासात जवळजवळ सगळे मुलगेच होते आणि तेही एकाच मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीतले, त्यामुळे सगळ्यांच्या बाबतीत असंच घडेल असं धरून चालू नकोस. 1986 मध्ये मेरी बेलेन्की आणि त्यांच्या तीन सहकारी बायकांनी 135 बायका-मुलींशी सविस्तर बोलून असाच अभ्यास केला, आणि त्यात एक गोष्ट सारखी वर येत होती ती म्हणजे आवाजाची. माझं कुणी ऐकत नाही, मला बोलता येत नाही, मग हळूहळू मला बोलता यायला लागलं, अशा भाषेत त्या स्वतःच्या वाढीबद्दल सांगत होत्या. तू हात वर होत नाही म्हणतेस तेव्हा मला तेच आठवलं. त्यावर येतेच, आधी बाबांचं बघू कारण मला वाटतं तुला सगळ्यात जास्त तेच लागलंय.

बाबा म्हणतात तू बदललीस. बरोबर म्हणतायत. मुलं कॉलेजला गेली की त्यांचे विचार घरच्यांपासून थोडे लांब जातात हे आजचं नाहीये. अमेरिकेत बेनिंग्टन नावाचं मुलींचं कॉलेज होतं, तिथे शिकवणाऱ्या थिओडोर न्यूकॉम्ब यांनी 1935 ते 1939 या काळात तिथल्या मुलींच्या राजकीय मतांचा माग ठेवला. मुली बहुतेक पैसेवाल्या, जुन्या विचारांच्या घरातल्या, पहिल्या वर्षाला मतंही आईवडिलांचीच. शेवटच्या वर्षापर्यंत बऱ्याच जणींची मतं घरच्यांपेक्षा खूप वेगळी झाली, कारण तिथले शिक्षक आणि सीनियर मुली वेगळ्या विचारांच्या होत्या आणि नव्या मुलींना त्यांच्यात मिसळायचं होतं. पण ज्यांचा जीव घरातच जास्त गुंतलेला होता त्यांची मतं तितकी बदलली नाहीत. पंचवीसेक वर्षांनी त्याच बायकांना परत गाठलं तर बहुतेकींची कॉलेजातली मतं टिकून होती, आणि ती टिकण्यामागे पुढे त्यांनी मित्रमैत्रिणी आणि नवरा कसे निवडले याचा मोठा हात होता.

हे मी तुला का सांगतेय तर यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही तुझ्या कामाच्या आहेत. एक, बाबांना जे दिसतंय ते उद्धटपणाच असेल असं नाही, कॉलेजात नवे विचार कानावर पडले की असं होतं आणि ते खूप जणांच्या घरी होतं. दुसरी गोष्ट जरा टोचेल. त्या मुलींची मतं बदलली ती सगळी विचार करून बदलली असं म्हणता येत नाही, आजूबाजूचे बदलले म्हणून पण बदलली. म्हणजे घरातली मतं न तपासता घेणं आणि कॉलेजातली मतं न तपासता घेणं, दोन्ही एकच. तेव्हा परवा ज्या मुद्द्यावरून वाद झाला तो शांतपणे आठव आणि स्वतःला विचार की हे मी वाचून, विचार करून म्हणत होते की वर्गात सगळे असं म्हणतात म्हणून म्हणत होते. पहिलं असेल तर मागे हटू नकोस, फक्त बोलायची पद्धत बघ. दुसरं असेल तर आधी वाच.

आणि पद्धतीचं म्हणशील तर बाबांशी बोलताना तुमचं चुकतंय इथून सुरुवात करूच नकोस. त्यांचं मत कशातून आलंय ते विचार. बाबा, तुम्हाला असं का वाटतं, तुमच्या बाबतीत काय झालं होतं, एवढं विचारून खरंच ऐक, मधे तोडू नकोस, आणि मग म्हण की मला कॉलेजात हे वेगळं ऐकायला मिळालं, मला अजून पूर्ण पटलेलं नाही पण विचार करावासा वाटतोय. तू गोंधळलेली आहेस हे त्यांना कळू दे की. बऱ्याच आईवडिलांना मुलीचं वेगळं मत असण्यापेक्षा मुलगी आता आपल्याला काही विचारत नाही, सांगत नाही, याची भीती जास्त असते. वाद लगेच थांबतील असं मी म्हणत नाही. पण वादाला बोलण्याचं रूप आलं तर ती तुझी या वर्षातली मोठी कमाई असेल, कारण ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याशी मतभेद ठेवून पण नीट राहता येणं हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतं आणि लागतं मात्र जन्मभर.

आता तुझी दुसरी तक्रार, कुणी ओळखत नाही ती. इथे मी तुझी समजूत काढणार नाही कारण ती तक्रार खरी आहे. कॉलेजातून काय मिळतं यावर अलेक्झांडर अॅस्टिन यांनी बरीच वर्षं काम केलं आणि 1984 मध्ये त्यांनी जे मांडलं ते अगदी सरळ आहे, विद्यार्थी कॉलेजात जितका जीव ओततो, म्हणजे वेळ आणि मन दोन्ही, तितका तो तिथे वाढतो. नुसतं नाव नोंदवून आणि अटेंडन्स भरून ते होत नाही. कॅम्पसवर राहणारे, शिक्षकांशी बोलणारे, एखाद्या ग्रुपमध्ये काम करणारे, कॉलेजातच छोटीशी पार्टटाइम नोकरी करणारे विद्यार्थी कॉलेज अर्धवट सोडण्याचं प्रमाण कमी, आणि नुसतं येऊन-जाऊन करणाऱ्यांचं जास्त, असं त्यांना दिसलं होतं. म्हणजे तुझी मैत्रीण हॉस्टेलला राहून पुढे गेलीशी वाटते त्यात तिचा स्वभाव असेल पण सोयीचाही भाग आहे, तिला जिना उतरला की माणसं भेटतात, तुला दीड तास प्रवास करून भेटतात. तू कमी पडतेयस असं नाही, तुला जास्त ठरवून करावं लागणार आहे एवढंच.

तर ठरव. आठवड्यातले दोन दिवस लेक्चर संपल्यावर लगेच निघायचं नाही, दीड-दोन तास थांबायचं. रोज नको, रोज जमणार नाही आणि दोन आठवड्यांत कंटाळून सोडशील, शिवाय घरी परत यायला उशीर होतो त्याची काळजी घरच्यांना असणारच, म्हणून दोन वार पक्के करून घरी आधीच सांगून टाक. आणि थांबायचं ते एका ठिकाणी, दहा ठिकाणी नाही. कॉलेजात काय काय चालतं ते बघ, वाचनाचा ग्रुप असेल, नाटकाचा असेल, लॅबमध्ये एखाद्या सीनियरचं प्रोजेक्ट चालू असेल, कॉलेजचं मासिक असेल, लायब्ररीत मदतनीस लागत असतील. माझा आग्रह असा की जिथे नुसतं बसून बघायचं असतं तिथे जाऊ नकोस, जिथे एखादं काम अंगावर येतं तिथे जा. मासिकाची प्रुफं तपासायची असोत नाहीतर नाटकाच्या लाइट्सची वायर धरायची असो. काम हातात असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही, आणि तुझ्यासारख्या बुजऱ्या मुलीला त्याचा मोठा आधार असतो, तू नाही आलीस तर कुणाचं तरी अडतं आणि मग तुझं नाव आपोआप सगळ्यांना कळतं.

मैत्रीला वेळ लागतो हे पण डोक्यात ठेव. कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नव्यानेच युनिव्हर्सिटीत आलेली मुलंही होती. ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला अंदाजे 50 तास एकत्र घालवावे लागतात, नीट मित्र म्हणायला 90 च्या आसपास आणि अगदी जवळचा व्हायला 200 तासांच्या वर. आणि त्यात नुसते एकत्र काम करण्यात गेलेले तास तितके उपयोगी पडत नाहीत, गप्पा, फिरणं, टाइमपास यातले तास मोजायचे. आता तूच हिशोब कर, आठवड्याला तीन तास म्हटलं तरी 50 तासांना सतरा आठवडे, म्हणजे जवळजवळ एक अख्खं सेमिस्टर. तू दीड वर्ष बेंचवर शेजारी बसलीस पण सुट्टी झाली की पळालीस, म्हणून ते तास मोजलेच गेले नाहीत. त्या दोघी आहेत ना, सुरुवात त्यांच्यापासूनच कर. नवी माणसं शोधण्याआधी ज्या शेजारी बसतात त्यांना विचार की आज निघायच्या आधी अर्धा तास थांबता का. एवढ्याने फरक पडतो. कुणी नाही म्हटलं तर वाईट वाटेल पण पुढच्या आठवड्यात परत विचार, माणसांना खरंच कामं असतात.

आता हात वर करायचं. सगळे बघतात असं तुला वाटतं, त्यावर एक प्रयोग सांगते. 2000 साली थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल युनिव्हर्सिटीतल्या एकेका विद्यार्थ्याला एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला टीशर्ट घालून, म्हणजे त्या वयाच्या मुलांना घालायची लाज वाटेल असा, इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल तुझ्या टीशर्टवर कोण आहे? मुलांना वाटलं निम्म्यांच्या तरी. प्रत्यक्षात लक्षात आलं होतं साधारण चौघांतल्या एकाच्या. म्हणजे आपण स्वतःकडे जितकं बघतो तितकं दुसरे आपल्याकडे बघत नसतात, ते त्यांच्या त्यांच्या टीशर्टच्या काळजीत असतात. तू प्रश्न विचारलास आणि अडखळलीस तर रात्री झोपताना तुला ते आठवेल, वर्गातल्या बाकीच्यांना नाही आठवणार.

पण हे कळलं म्हणून लगेच हात वर होईल असं नाही, भीती अशी समजावून जात नाही. म्हणून भरलेल्या वर्गापासून सुरुवात करूच नकोस. लेक्चर संपल्यावर सर निघताना एक प्रश्न विचार, फक्त सरांना. त्यानंतर प्रॅक्टिकलला किंवा छोट्या बॅचमध्ये विचार. भरलेल्या वर्गात मग, पुढच्या सेमिस्टरला आलं तरी चालेल. आणि सरांना भेटण्याचं मी उगाच नाही सांगत, यात भीती घालवण्यापेक्षाही मोठा फायदा आहे. 2014 मध्ये अमेरिकेत गॅलप ही लोकांची मतं आजमावणारी संस्था आणि पर्ड्यू युनिव्हर्सिटी यांनी मिळून 30,000 हून जास्त पदवीधरांची पाहणी केली. कॉलेज सरकारी होतं की खासगी, मोठं होतं की छोटं याचा पुढच्या कामातल्या समाधानाशी फारसा संबंध दिसला नाही. पण कॉलेजात असा एक तरी शिक्षक होता ज्याने शिकण्याची ओढ लावली, शिक्षकांना आपली माणूस म्हणून काळजी होती, आणि आपल्या स्वप्नांना बळ देणारं कुणीतरी होतं, असं जे तिन्ही बाबतीत म्हणू शकले ते पुढे कामात मनापासून रमलेले असण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती. आणि वाईट हे की असं तिन्ही म्हणू शकणारे फक्त 14 टक्के होते. एका शिक्षकाने तुला नावाने ओळखणं ही इतकी साधी गोष्ट, पण बहुतेकांना ती मिळत नाही कारण शिक्षकाला वेळ नसतो आणि विद्यार्थी जात नाही. वेळ तुझ्या हातात नाही, जाणं आहे. हे पण खरं की सगळे शिक्षक चांगलं वागतील असं नाही, एखादा झटकूनही टाकेल, तर दुसऱ्याकडे जा.

मैत्रिणीचं मी जरा पटकन सांगते. ती पुढे गेली, तू मागे राहिलीस हे तू तिच्या फोटोंवरून आणि स्टेजवरच्या दहा मिनिटांवरून ठरवतेयस. तिला पहिल्या वर्षी हॉस्टेलवर रात्री काय वाटायचं ते तू विचारलंयस का कधी? विचार. मला खात्रीने वाटतं की आपल्यालाच इथे जमत नाहीये ही भावना तुला वाटते त्यापेक्षा खूप जास्त जणांना असते. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी तर पहिल्या वर्षाच्या मुलांना जेमतेम तासभर एवढंच वाचायला आणि त्यावर लिहायला दिलं की सीनियर मुलांनाही सुरुवातीला इथे आपलं कुणी नाही असं वाटायचं आणि ते हळूहळू कमी झालं. 2011 मध्ये त्यांनी दाखवलं की कॅम्पसवर संख्येने कमी असलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे मार्क पुढची तीन वर्षं त्यामुळे सुधारले होते. नुसतं हे कळण्याने की हे आपल्या एकटीचं नाहीये. फक्त एक, हा एकटेपणा जर असा असेल की झोप लागत नाही, जेवण जात नाही, सकाळी उठावंसंच वाटत नाही आणि हे दोन-तीन आठवडे सलग चाललंय, तर मग माझ्या उत्तरावर अवलंबून राहू नकोस, कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे जा, नसतील तर डॉक्टरकडे, आणि घरी सांग.

राहिला दादा. दादा म्हणतो त्यात तथ्य आहे, मी ते उडवून लावणार नाही. ज्याला नोकरी करून शिकायचंय, ज्याच्यावर घराची किंवा लहान मुलाची जबाबदारी आहे, ज्याला आजारपणामुळे रोज जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी घरून शिकणं ही फार मोठी सोय आहे आणि मान्यता असेल तर त्यांची डिग्री कुठल्याही अर्थाने कमी नसते. आणि माणूस कॉलेजातच घडतो असंही नाही, जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली 18 ते 25 या वयाचा स्वतंत्र टप्पा म्हणून विचार करावा असं मांडलं, या वयात काम, नाती, मतं सगळंच हलत असतं, त्यामुळे अठराव्या वर्षी दुकानात किंवा वर्कशॉपमध्ये कामाला लागलेला मुलगाही या वर्षांत भरपूर बदलतो. कॉलेजमुळे किती आणि वयामुळे किती हे वेगळं काढणं अवघडच आहे.

पण दादा एक धरून चाललाय की तू रोज तीन तास प्रवास करतेस तो लेक्चरसाठी. लेक्चर तर व्हिडिओवर पण मिळतं, कधीकधी जास्त चांगलं मिळतं. प्रवास करायचा तो ज्या माणसांना आपण निवडलेलं नाही अशा माणसांसाठी. घरी बसून आपण आपल्याला आवडेल ते बघतो, पटेल ते ऐकतो, नको वाटलं की बंद करतो. कॉलेजात ग्रुप प्रोजेक्टला जी माणसं वाट्याला येतात ती आपल्या आवडीची नसतात, एक जण कामच करत नाही, एक जण सगळं स्वतःच ठरवतो, एकीची परिस्थिती अशी असते की आपल्याला कल्पनाही नसते, आणि त्यांच्याबरोबर सबमिशनची तारीख गाठायची असते. तिथे तू चिडशील, रडशील, एखाद्याला स्पष्ट नाही म्हणशील, एखाद्याची माफी मागशील. हे घरून शिकताना अजिबात होत नाही असं नाही पण कमी होतं आणि ठरवून घडवून आणावं लागतं. म्हणून दादाला सांग की तू म्हणतोस तो हिशोब बरोबर आहे, पण आत्तापर्यंत मी प्रवासाचे पैसे आणि वेळ दोन्ही खर्च करून घेतलं फक्त लेक्चर, बाकीचं घेतलंच नाही, तर मला एक सेमिस्टर दे. तेवढ्यात ते दोन वार थांबून बघ, एक काम अंगावर घेऊन बघ, एका शिक्षकाला भेटून बघ. सेमिस्टर संपल्यावरही वाटलं की यातून काही मिळत नाही आणि प्रवासाने नुसती दमतेय, तर घरून शिकण्याचा निर्णय घे, त्यात हरल्यासारखं काही नाही, फक्त त्याआधी त्या डिग्रीला मान्यता आहे का, पुढच्या शिक्षणाला आणि नोकरीला ती चालते का, आणि आत्तापर्यंतचे तुझे क्रेडिट तिकडे धरतील का हे लेखी विचारून घे. ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नकोस.

आणि ज्या दोन सरांनी तुझ्या डोक्याचा भुगा केलाय ना, शिक्षकांपैकी आधी त्यांनाच भेट. ज्यांची जास्त भीती वाटत नाही त्यांच्याकडे आधी जा. सर, तुम्ही असं सांगितलंत आणि दुसऱ्या सरांनी असं सांगितलं, मला दोन्ही पटतंय, यातला फरक नेमका कुठे आहे, एवढंच विचारायचं. दुसऱ्या सरांचं नाव घेतलंस तरी त्यांना राग यायचं कारण नाही, फक्त तक्रारीच्या सुरात नको. प्रश्न आधी वहीत दोन ओळीत लिहून ने, म्हणजे ऐनवेळी अडखळलीस तरी वाचून दाखवता येईल.